पालथा पोहरा

नातवंडांना वाटतं, आजीच्या लहानपणी विज्ञान नव्हतंच मुळी. नव्हतं काय! आमच्या घरात ते इतकं होतं की संध्याकाळी ओटीवर बसायला जागा उरायची नाही. आमचे अप्पा कल्याणच्या इंग्रजी शाळेत मास्तर. दिवसा ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवत आणि संध्याकाळी तेच घरी आणून ओटीवर मुलांना पुन्हा शिकवत. शाळेत यंत्रसामग्री म्हणाल तर एक भिंग होतं, आणि ते हेडमास्तरांना वर्तमानपत्र वाचायला लागे. त्यामुळे अप्पांचं सगळं विज्ञान तोंडी. हवेला वजन असतं हे ते तोंडाने सांगत, वाफेत जोर असतो हेही तोंडानेच सांगत. आत स्वयंपाकघरात भाताच्या तपेल्यावरचं झाकण थडथड उडत असे, पण ते पाहायला अप्पा कधी चौकट ओलांडून आत आले नाहीत. पुस्तकात वाफ होती, तेवढी त्यांना पुरे होती. मुलं ते सगळं सुरात घोकत आणि परीक्षेत वर येत. अप्पांचा लौकिक थेट ठाण्यापर्यंत गेला होता.

घर भाड्याचं, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि परसात विहीर. पहाटे जाग यायची ती रहाटाच्या कुरकुरीने. खाडीवरून वारा सुटला की सुक्या मासळीचा वास न विचारता घरात शिरायचा, आणि मग आत्या धूप जाळत सगळ्या खोल्यांतून फिरायची. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. तिचं लग्न कळायच्या आत झालं आणि वैधव्यही कळायच्या आतच आलं. तेव्हापासून अंगावर लाल आलवण आणि राहायला भावाचं घर. किल्ल्या आईच्या कमरेला असत, पण घर चालायचं ते आत्याच्या आवाजावर. आगगाडीला ती विटाळ म्हणायची, जन्मात कधी गाडीत बसली नाही. पण स्टेशनाकडून मेलची शिट्टी ऐकू आली की डाळ शिजत टाकायची. शिट्टीला विटाळ नसतो, असं तिचं मत होतं. या मतावर अप्पांनी तिच्याशी कधी वाद घातला नाही. तसे ते कुठल्याच मतावर तिच्याशी वाद घालत नसत.

वाद घालायला त्यांना सभा होत्या. ठाण्याला कुठे व्याख्यान असलं की अप्पा पागोटं झटकून निघत आणि स्त्रियांना शिक्षण दिल्याखेरीज देश कसा वर येणार नाही, हे असं काही बोलत की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई. टाळ्या घेऊन घरी परतले की दारातच आईला हळू आवाजात विचारत, "आक्का आहे का जागी?" पण एक मान्य करायला हवं, मला त्यांनी शिकवायला घेतलं होतं. आधी दाराआड बसवून, मग उंबऱ्यावर आणि शेवटी ओटीच्या कोपऱ्यात, मुलांपासून अंतर ठेवून. माझं वय नऊ-दहाचं. आत्याला ते डोळ्यासमोर नको व्हायचं. "शिकून काय मामलेदार होणार आहे?" असं ती येता-जाता विचारायची. त्यात ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचं एक स्थळ माझ्यासाठी सांगून आलं होतं. माणसं खाऊनपिऊन सुखी, अट एकच. मुलीला लिहायची-वाचायची खोड नाही ना, एवढी खात्री त्यांना हवी होती. पत्रिका मागाहून पाहिली तरी चालणार होती. अप्पा त्यांना उत्तर देण्याचं टाळत होते, आत्या रोज आठवण करत होती, आणि मी पाटी पोटाशी धरून दोघांच्या तोंडांकडे बघत होते. मला शिकायचं होतं. याहून मोठं कारण माझ्याजवळ नव्हतं, आणि आजही मला ते पुरेसं वाटतं.

भाद्रपदाचा वद्यपक्ष चालू होता. एका संध्याकाळी अप्पांनी वर्तुळगतीचा धडा घेतला. म्हणाले, "पाण्याने भरलेलं भांडं दोरीला बांधून वेगाने डोक्यावरून फिरवलं, तर ते वर जाऊन उलटं झालं तरी पाणी सांडत नाही. का? तर वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला बाहेरच्या बाजूस ढकलणारी एक प्रेरणा असते. ती पाण्याला भांड्याच्या तळाशी दाबून धरते." मुलांनी लगेच सूर लावला, "बाहेरच्या बाजूस ढकलणारी एक प्रेरणा असते…" मी विचारलं, "अप्पा, तुम्ही फिरवून पाहिलंय?" अप्पा म्हणाले, "पुस्तकात आहे." झालं, विषय मिटला. माझ्या डोक्यातून मात्र ते भांडं काही खाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी आजोबांचं श्राद्ध. श्राद्धाचा स्वयंपाक घरच्या गोत्रातल्या बाईने करायचा, आणि आत्या तर लग्न होऊन परगोत्रात गेलेली. ते गोत्र तिला धड वापरायलाही मिळालं नव्हतं, पण लागलं ते लागलं. तेव्हा चुलीपाशी आई एकटी, आत्या मधल्या दारात पाटावर बसून हुकूम सोडणार, आणि ओलेत्याने विहिरीवरून सोवळ्याचं पाणी आणायचं काम माझ्याकडे. माझं गोत्र अजून चालत होतं.

पहिली कळशी मी शहाण्यासारखी भरून दिली. दुसऱ्या वेळी पितळी पोहरा वर काढला आणि डोक्यातला किडा वळवळला. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. दोरी आखडून हातभर ठेवली, पोहरा आधी नुसता झुलवला, मग छातीत श्वास भरून डोक्यावरून गरकन फिरवला. आणि काय सांगू! थेंब पडला नाही! पोहरा माझ्या डोक्यावर चक्क पालथा होऊन गेला आणि पाणी आतल्या आत! मला इतका आनंद झाला की पुढची प्रत्येक कळशी मी तशीच फिरवून भरली. त्या पाण्यात भात शिजला, अळू शिजलं, कढी झाली, आमसुलाची चटणी वाटली गेली. फिरवता फिरवता एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. अप्पा म्हणाले होते, बाहेर ढकलणारी प्रेरणा असते. माझ्या हाताला तर कळत होतं की ओढते आहे ती मी, आणि ओढते आहे ती आत, माझ्याकडे. जरा ढील दिली की पोहरा भलतीकडे जायला बघे. जोर थोडा वाढवला की ओढ मात्र थोडी वाढत नसे, दांडगी वाढे. हात खांद्यातून निखळतो की काय असं वाटे.

"द्वारके!"

आत्या पडवीच्या दारात उभी होती. पोहरा त्या क्षणी नेमका डोक्यावर होता. मी तो कसाबसा खाली आणला.

"काय करत होतीस?"

"काही नाही आत्या. सांडलं नाही."

"आधीचं पाणीही असंच आणलंस?"

मी खोटं बोलले असते तर सगळं निभावलं असतं. पण सांडलं नव्हतं याचा मला इतका अभिमान वाटत होता की मी "हो" म्हणून टाकलं.

मग जो गदारोळ उडाला तो विचारू नका. आत्याचं म्हणणं सरळ होतं. श्राद्धाच्या दिवशी भरलं भांडं पालथं झालं, हा अपशकुन. पालथ्या भांड्यातलं पाणी सांडलेलं धरायचं, आणि सांडलेल्या पाण्याचा स्वयंपाक पितरांना चालत नाही. सगळं टाकून द्यायचं आणि पहिल्यापासून रांधायचं. आईच्या हातात झारा होता, कढईत तेल तापलं होतं. तिने एवढंच विचारलं, "वडे तळू की थांबू?"

ओटीवर श्राद्धाचे दोन ब्राह्मण येऊन बसले होते. पितरांच्या जागी शास्त्रीबुवा, सगळ्या कल्याणात शंकानिरसनासाठी प्रसिद्ध. आणि देवांच्या जागी भिकंभट, भोजनासाठी प्रसिद्ध. श्राद्धाची वेळ दुपार टळल्यावरची, सकाळपासून दोघांच्या पोटात काही नाही, आणि आतून अळूचा वास येत होता. आवाज ऐकून दोघे उठून मागच्या पडवीत आले. अप्पाही सोवळं नेसून आले. काय झालं ते कळल्यावर अप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एकीकडे त्यांचं शास्त्र खरं ठरलं होतं, दुसरीकडे ते त्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला खरं ठरलं होतं. तरी ते म्हणाले, "आक्का, पाणी भांड्यातून बाहेर आलंच नाही. मग सांडलं कसं म्हणायचं?"

आत्या म्हणाली, "सदू, आज शास्त्रीबुवांच्या तोंडून होऊन जाऊ दे. त्यांनी पाणी अशुद्ध म्हटलं, तर पोरीची पाटी-पुस्तकं माळ्यावर जातील आणि ठाण्याला होकार जाईल. शुद्ध म्हटलं, तर शिकव तुला हवं तेवढं, मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. आहे कबूल?"

अप्पांनी घाम पुसला आणि म्हणाले, "कबूल."

मी विहिरीच्या कडेला ओलेत्याने कुडकुडत उभी होते. ऊन रखरखीत होतं, तरी कुडकुडत होते. माझं सगळं शिक्षण त्या पोहऱ्याच्या पाण्यावर आलं होतं.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. म्हणाले, "पाणी पडलं नाही, हे एक. पण वर गेल्यावर त्याला पडण्याची इच्छा झाली होती की काय, हे दुसरं. इच्छा झाली असेल तर मानसिक पतन झालंच."

भिकंभट कळवळून म्हणाले, "शास्त्रीबुवा, इच्छेचं काय घेऊन बसलात! मला केव्हाची जेवायची इच्छा आहे. म्हणून मी जेवलो, असं होतं का?"

मी आयुष्यात पुष्कळ विद्वानांची भाषणं ऐकली. इतका बिनतोड युक्तिवाद पुन्हा कानावर आला नाही. शास्त्रीबुवाही विचारात पडले. शेवटी म्हणाले, "प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निर्णय देता यायचा नाही. मास्तर, फिरवून दाखवा."

अप्पा दोन पावलं मागे सरले. आपण सोवळ्यात आहोत, म्हणाले. ते सोवळ्यात होते हे खरं. फिरवता येत नव्हतं हेही खरं. मग झाडांना पाणी घालायचा जुना, पोचे पडलेला पोहरा भरून माझ्याच हातात दिला. त्याला सोवळं-ओवळं काही नव्हतं. मी परसाच्या मध्यावर उभी राहिले आणि जीव एकवटून फिरवायला लागले. शास्त्रीबुवा म्हणाले, "जरा हळू फिरव बाळ, नीट दिसत नाही."

"हळू फिरवलं तर पडेल," मी म्हटलं.

"बघा!" आत्या म्हणाली. "म्हणजे पडतं!"

पण आतून आईने पुन्हा विचारलं, "वडे तळू का?" आणि त्या प्रश्नाने काम केलं. वड्यांचं नाव कानावर येताच शास्त्रीबुवांचे डोळे चमकले. त्यांनी घसा साफ करून निर्णय दिला, "ज्या भांड्याला पाणी सोडून जात नाही, ते भांडं पालथं नव्हे. तोंड खाली होतं ते केवळ दिसायला. पाणी शुद्ध, पाक शुद्ध, पानं मांडा." भिकंभटांनी इतक्या मनापासून "वा!" म्हटलं की आजोबांच्या आत्म्यालाही बरं वाटलं असेल.

इथे थांबले असते तर अप्पा मोठे शास्त्रज्ञ म्हणून कल्याणात अजरामर झाले असते. पण जिंकलेल्या मास्तराला थांबवणार कोण? समोर पडवीत शास्त्रीबुवांसारखा श्रोता, नुकताच आपल्या बाजूने झुकलेला! अप्पा चढले. म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही बाहेरची प्रेरणा किती प्रबळ असते ते आता पाहा. ही पोर पोहरा डोक्याभोवती आडवा फिरवील. तो समोर कुंपणाच्या दिशेला आला की दोरी सोडील, आणि पोहरा तसाच बाहेर, थेट कुंपणावर जाईल. आपण इथे बाजूला पडवीत उभे आहोत, आपल्याला काही भय नाही."

आता, कोपरला माझं आजोळ. तिथे भाताच्या शेतावर पाखरं हाकलायला मी मामेभावांच्या बरोबरीने गोफण चालवलेली. गोफणीतला दगड समोर आला असताना दोरी सोडली तर तो समोर जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो ज्या बाजूला निघालेला असतो त्या बाजूला सरळ सुटतो. समोरची पाखरं हवी असतील तर पाव फेरा आधी सोडावी लागते. माझा पोहरा समोरून डाव्या हाताकडे फिरणार होता. आणि डाव्या हाताला होती पडवी.

"अप्पा, कुंपणाकडे नाही जायचा. तिथे येईल, तुमच्याकडे," मी म्हटलं.

"गप्प बस. फिरव."

"अप्पा, खरंच…"

"मी शिकवतो की तू शिकवतेस? फिरव म्हणतो ना!"

मी फिरवायला लागले. फिरवताना माझ्या डोळ्याला एवढंच दिसलं की पडवीतून एक माणूस हललं. आत्या. ती मुकाट्याने दाराच्या आड झाली. बाकीचे तिघे विद्वान जिथल्या तिथे उभे होते.

"आता! सोड!" अप्पा ओरडले.

मी सोडली.

पोहऱ्याने कुंपणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ रेषेत पडवीकडे आला, शास्त्रीबुवांच्या कानाजवळून जाऊन खांबावर आदळला, आणि आतलं सगळं पाणी तिघांच्या सोवळ्यावर उडालं. भिकंभट खाली बसले म्हणून वाचले असं ते पुढे सांगत. पण भिजले तेही पुरते. पोहरा पायरीवरून घरंगळत परसात आला. शास्त्रीबुवांनी शेंडी पिळली आणि अगदी शांतपणे विचारलं, "मास्तर, तुमची ती बाहेरची प्रेरणा नेमकी कुठे गेली?"

तिघांनाही पुन्हा स्नानं करावी लागली. शास्त्रीबुवांना दिलेला निर्णय फिरवता आला असता. पण निर्णय फिरवला असता तर जेवणही फिरलं असतं, म्हणून पाणी शुद्धच राहिलं. मग श्राद्ध झालं, पानं वाढली. आईने वडे तळून तळून वाढले, तांदळाची खीर झाली, आणि दोघेही ब्राह्मण असे जेवले की सकाळपासूनच्या सगळ्या शंकांचं निरसन झालं. अप्पा एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, दमले असतील. मी तर हवेत होते. पाणी शुद्ध ठरलं, माझं शिक्षण वाचलं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवेलागण झाली, मुलं जमली, आणि मी पाटी घेऊन माझ्या कोपऱ्यात जाऊन बसले. अप्पांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "तू आत जा. मुलीच्या जातीला एवढं शिकलं ते पुष्कळ झालं. ठाण्याच्या मंडळींना मी उद्या कळवतो."

मुलं माझ्याकडे बघत होती. कालची हकिगत गावभर झाली होती, तेव्हा त्यांनाही सगळं ठाऊक होतं. एकजण तोंडावर हात धरून हसत होता, आणि तो मला हसत नव्हता, हे अप्पांना समजत होतं. मी आत आले आणि माजघरात भिंतीकडे तोंड करून रडले. आत्या माझ्या शिक्षणाच्या विरुद्ध होती, हे मी समजू शकत होते. पण अप्पा? ज्यांनी मला उंबऱ्यावरून ओटीवर आणलं ते अप्पा? आज इतकी वर्षं झाली, तरी त्या संध्याकाळचं वाईट वाटायचं काही कमी होत नाही. पुढे मी मोठमोठे सुधारक जवळून पाहिले. आपल्या मुली शिकाव्यात असं त्यांतल्या बहुतेकांना मनापासून वाटे. फक्त त्यांनी आपल्या पुढे एक पाऊलही शिकू नये, एवढंच.

आईने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "उद्या निवळेल राग." तिला स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं. तेवढ्यात आत्या उठली. ओटीवर परकी मुलं असताना ती कधी दारापर्यंतसुद्धा जात नसे. त्या दिवशी गेली. चौकटीच्या आत उभी राहिली आणि म्हणाली, "सदू, पोरीला का उठवलंस?"

"आक्का, तुलाच तर हवं होतं ना हे?"

"हवं होतं. अजूनही हवंय. पण काल काय ठरलं होतं?"

"ते गं…"

"ते गं काय? शास्त्रीबुवांनी पाणी शुद्ध म्हटलं. मी हरले. हरले म्हणजे हरले. मी काही तुझ्यासारखी सभेत बोलत नाही, त्यामुळे बोललेलं पाळायची मला सवय आहे."

"आक्का, मुलांसमोर हे…"

"मुलांसमोरच. आणि दुसरं सांगते. पोरगी दोनदा म्हणाली होती, इकडे येईल म्हणून. मी ऐकलं, मी बाजूला झाले, मी कोरडी राहिले. तू ऐकलं नाहीस. त्याचा राग पोरीवर काढतोस? मास्तर ना रे तू?"

आत्याने आतल्या बाजूला वळून हाक मारली, "द्वारके, पाटी घेऊन ये. नाक पूस आधी." आणि स्वतः चौकटीच्या आत पाट ओढून बसली, अप्पा शिकवतात की नाही ते बघायला. पुढे कितीतरी संध्याकाळी ती तशी बसली. ठाण्याला नकार गेला. लग्न माझं झालंच नंतर, दुसऱ्या घरी, पण तोवर मी अप्पांची सगळी पुस्तकं वाचून संपवली होती.

त्या संध्याकाळी अप्पांनी पुस्तक उघडलं आणि मनाशी वाचू लागले. पुष्कळ वेळ वाचत होते. पुस्तकात सगळं बरोबरच होतं; अप्पांनी आजवर त्यात आपल्याला हवं ते वाचलं होतं. मान वर न करता ते म्हणाले, "परवा मी जे सांगितलं, त्यात थोडी दुरुस्ती आहे." ती थोडी दुरुस्ती म्हणजे उत्तरेला दक्षिण म्हणण्याइतकी होती. पण माझ्या बापाने ती केली, मुलांसमोर केली, आणि मग इतकं सुरेख शिकवलं की मी कालचं सगळं विसरले. बाहेर ढकलणारं तिथे कुणीच नसतं, ते म्हणाले. पोहऱ्याला आपलं सरळ जायचं असतं. दोरी त्याला क्षणोक्षणी मध्याकडे ओढते, म्हणून त्याची वाट वाकते आणि वर्तुळ होतं. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट लागते. वेग आहे तेवढाच राहिला तरी दिशा बदलत असते, आणि नुसती दिशा बदलायची म्हटली तरी जोर लागतोच. वर गेल्यावर पाणीसुद्धा खाली पडू बघतं. पण दोरी पोहऱ्याला त्याहून जोराने खाली ओढून घेते, म्हणून पाण्याला तळ सोडून पडायला सवडच मिळत नाही. मला माझ्या खांद्यात ते सगळं कळत होतं. मुलं घोकायला तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "घोकू नका. उद्या परसात येऊन फिरवून बघा."

मुलं गेल्यावर मी आत आले, तर आत्या पाटावर तशीच बसलेली. समईच्या उजेडात ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला नीट सांग. त्याला सरळ जायचं असतं?"

"हो आत्या."

"दर क्षणाला?"

"दर क्षणाला."

"आणि दर क्षणाला त्याला आत ओढून घेतात."

"हो."

"वेग तेवढाच राहतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, आपलं गोल गोल बरं चाललंय."

माझं वय लहान होतं, तरी तेवढं मला समजलं. माझे डोळे भरून आले. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि सुटलं तर?"

"सुटलं तर सरळ जातं. त्या क्षणी ज्या बाजूला निघालेलं असेल, त्या बाजूला."

आत्याने समईची वात सारखी केली.

"मग शीक तू," ती म्हणाली.